मजुराच्या खात्यावरची कर-जमा : हिशेब समजून घेऊ या



कर म्हटला की खिशातून जाणारा पैसा एवढेच आपल्या डोळ्यांसमोर येते. करखाते उलट मजुरालाच पैसे देते, असे कुणी पारावर सांगितले तर आपण हसण्यावारी नेऊ. परंतु अमेरिकेत १९७५ सालापासून हे चालू आहे. कमी पगारावर राबणाऱ्या माणसाने वर्षाचे विवरणपत्र भरले की, त्याच्याकडे एक डॉलरही प्राप्तिकर निघत नसला तरी सरकारी तिजोरीतून त्याला रक्कम मिळते. रक्कम किरकोळ नाही. २०२५ सालच्या कमाईवर तीन किंवा अधिक मुले असलेल्या कुटुंबाला ती जास्तीत जास्त ८,०४६ डॉलर इतकी ठरवलेली आहे.

“असेल अमेरिकेत! आपल्याला त्याचं काय?” असे कुणी म्हणेल. प्रश्न रास्त आहे. पण आपल्या घराकडेच बघा. थोरला ऊस बघतो, धाकटा नोकरीला जातो; काही घरांत तर एकाच माणसाचा एक पाय सरीत आणि दुसरा पाय कचेरीत असतो. करातली सवलत, सन्मान निधी, महिलांचा हप्ता, अशा कितीतरी योजना घरोघर पोहोचल्या आहेत. योजना आली की आपण पहिला प्रश्न विचारतो, “किती मिळणार?” ती कुठे थांबणार, आणि थांबताना हळूहळू कमी होणार की एकदम तुटणार, हे मात्र आपण विचारत नाही. नुकसान होते ते नेमके तिथे. म्हणून या लेखात आपण आधी अमेरिकेतल्या या योजनेचा हिशेब पायरीपायरीने सोडवू आणि मग त्याच मापाने आपल्या घरचा हिशेब मोजून बघू.

शब्दांची फोड

कराच्या भाषेत तीन शब्द सारखे वाटतात, पण त्यांचे काम वेगवेगळे आहे.

पहिला शब्द सूट. जे उत्पन्न करासाठी धरतच नाहीत त्याला सूट आहे असे म्हणतात. शेतीचे उत्पन्न हे आपल्या ओळखीचे उदाहरण.

दुसरा शब्द वजावट. उत्पन्न धरले, पण कर काढण्याआधी त्यातून काही रक्कम वजा केली. पगारदाराला मिळणारी प्रमाणित वजावट ही अशी.

तिसरा शब्द जमा. उत्पन्न धरले, वजावट झाली, कर काढून झाला; आता त्या कराच्या रकमेतूनच काही रक्कम कमी करायची. इंग्रजीत याला टॅक्स क्रेडिट म्हणतात. आपण या लेखापुरते त्याला कर-जमा म्हणू, कारण सोसायटीच्या वहीतला ‘नावे’ आणि ‘जमा’ हा भेद आपल्याला शिकवावा लागत नाही.

उसाच्या बिलावरून हा फरक लगेच पटेल. काट्यावर एक टन वजन कमी धरले तर रुपयांत किती फरक पडला, हे दरावर अवलंबून राहते. पण बिलाच्या रकमेत हजार रुपये जमा धरले तर ते हजारच असतात, दर काहीही असो. वजावट ही वजनात होते, जमा ही रुपयांत होते. म्हणून वजावटीचा फायदा मोठ्याला मोठा व लहानाला लहान असा होतो. दहा हजारांची वजावट तीस टक्के कर भरणाऱ्याचे तीन हजार वाचवते, पाच टक्केवाल्याचे पाचशे वाचवते, आणि ज्याला कर लागतच नाही त्याला तिचा काडीचा उपयोग नाही. जमेचे तसे नाही. हजाराची जमा ज्यांना ज्यांना कर आहे त्यांचे हजारच वाचवते.

पण कर हजारापेक्षा कमी असेल तर? इथे कर-जमेच्या दोन जाती होतात. समजा एखाद्याला ३०० रुपये कर आहे आणि १,००० रुपयांची जमा मंजूर आहे. एका जातीत कर शून्य होतो आणि उरलेले ७०० रुपये वाया जातात. ही शून्यावर थांबणारी जमा. दुसऱ्या जातीत कर शून्य होऊन उरलेले ७०० रुपये माणसाच्या हातात पडतात. बिलातून सोसायटीची बाकी वळती होऊन वरची रक्कम आपल्या खात्यावर येते, तसेच. ही शून्याच्या पलीकडे जाणारी जमा. अमेरिकेतली मजुरांची जमा या दुसऱ्या जातीची आहे. आपल्या प्राप्तिकरातली सवलत पहिल्या जातीची आहे. हा भेद मनात पक्का ठेवावा; पुढचे सारे त्यावर उभे आहे.

पायरीचा हिशेब आपल्याला नवा नाही

अमेरिकेचा तक्ता पाहून घाबरून जायचे कारण नाही. असा पायरीचा हिशेब आपण दर हंगामात करतोच. २०२५-२६ च्या हंगामासाठी रास्त व किफायतशीर दर, म्हणजे आपली एफआरपी, १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये ठरला. उतारा त्यावर ०.१ टक्क्याने वाढला की ३ रुपये ४६ पैसे चढतात, ०.१ टक्क्याने घटला की तेवढेच उतरतात. पण ९.५ टक्क्यांखाली उतारा गेला तरी दर ३२९ रुपये ५ पैशांच्या खाली जात नाही. म्हणजे एका हिशेबात एक चढ, एक उतार आणि एक सपाटी आहे. मजुराच्या कर-जमेतही हेच तीन भाग आहेत, फक्त उताऱ्याच्या जागी माणसाची वर्षाची कमाई येते.

योजना कशी आली

अमेरिकेत १९६९ साली राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी गरीब कुटुंबांना किमान उत्पन्नाची हमी देणारी योजना मांडली होती. ती सिनेटमध्ये अडली. सिनेटच्या वित्त समितीचे अध्यक्ष रसेल लाँग यांचा आग्रह असा की, पैसे द्यायचेच तर जो काम करतो त्याला द्यावेत. कमी पगाराच्या माणसाला प्राप्तिकर लागत नसला तरी सोशल सिक्युरिटीची कपात त्याच्या पहिल्या डॉलरपासून होते. त्या कपातीची भरपाई व्हावी, हाही हेतू होता. मार्च १९७५ मध्ये राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांच्या सहीने कायदा झाला. पहिला हिशेब अगदी सोपा होता. पहिल्या ४,००० डॉलर कमाईवर दहा टक्के, म्हणजे जास्तीत जास्त ४०० डॉलर. ४,००० च्या वर कमाई गेली की दहा टक्क्यांनी घट, आणि ८,००० ला शून्य. १९७८ साली ही तात्पुरती योजना कायमची झाली. पुढे १९८६, १९९० आणि १९९३ साली तिची वाढ झाली.

आजचा हिशेब : चढ, सपाटी, उतार

२०२५ सालच्या कमाईचे आकडे घेऊ. एक मूल सांभाळणारी एकटी आई धरू. तिचा हिशेब असा :

१. चढ. पहिल्या १२,७३० डॉलरपर्यंत कमाईच्या प्रत्येक डॉलरमागे ३४ सेंट जमा. कमाई १०,००० असेल तर जमा ३,४००.

२. सपाटी. कमाई १२,७३० झाली की जमा ४,३२८ होते. तिथून २३,३५० डॉलर कमाईपर्यंत ती तेवढीच राहते, वाढत नाही नि घटत नाही.

३. उतार. २३,३५० च्या वर गेलेल्या प्रत्येक डॉलरमागे जमेतून जवळपास १६ सेंट, नेमके १५.९८ सेंट, कमी होतात. ५०,४३४ डॉलर कमाईला जमा शून्य.

आता आकडेमोड करू. अमेरिकेत केंद्राने ठरवलेले किमान वेतन तासाला ७.२५ डॉलर आहे. २००९ साली ते ठरले आणि २०२५ मध्येही तेवढेच होते. आठवड्याला ४० तास धरून वर्षाचे २,०८० तास होतात. कमाई झाली १५,०८० डॉलर. ही रक्कम सपाटीत पडते, म्हणून जमा पूर्ण ४,३२८. दोन्ही मिळून १९,४०८ डॉलर. तासावर वाटले तर प्रत्येक तासामागे सुमारे २ डॉलर ८ सेंट वाढून मिळाले.

तीच बाई बढती मिळून ३०,००० डॉलर कमावू लागली तर? २३,३५० च्या वर ६,६५० डॉलर झाले. त्याचे १५.९८ टक्के म्हणजे १,०६३. ते ४,३२८ मधून वजा केले, जमा उरली ३,२६५ डॉलर. सरकारी तक्ते पन्नास-पन्नास डॉलरच्या टप्प्यांनी छापतात, त्यामुळे प्रत्यक्षात दोनचार डॉलर इकडेतिकडे होतात. हिशेबाची रीत मात्र हीच.

मुलांच्या संख्येप्रमाणे चढाचा दर बदलतो. दोन मुले असतील तर ४० टक्के, तीन किंवा जास्त असतील तर ४५ टक्के. दोघांचाही उतार २१.०६ टक्के. नवरा-बायको मिळून विवरणपत्र भरत असतील तर उतार उशिरा, म्हणजे ३०,४७० डॉलरपासून, सुरू होतो. मूल नसलेल्या माणसाला मात्र फारच थोडे मिळते. दर ७.६५ टक्के आणि जास्तीत जास्त ६४९ डॉलर, तेही वय २५ ते ६४ च्या दरम्यान असेल तर.

अटी आणि खाचखळगे

चढावर फक्त घामाची कमाई मोजतात : पगार, मजुरी, बक्षिसी, स्वतःच्या धंद्याचा किंवा शेतीचा निव्वळ नफा. व्याज, भाडे, पेन्शन यावर जमा मिळत नाही. पण उतार मोजताना मजुरीची कमाई आणि एकूण उत्पन्न यांतले जे मोठे असेल ते धरतात. म्हणजे इतर उत्पन्न जमा वाढवत नाही, कमी मात्र करू शकते. शिवाय व्याज, लाभांश यांसारखे गुंतवणुकीचे उत्पन्न २०२५ साली ११,९५० डॉलरच्या वर गेले तर काहीच मिळत नाही.

मूल १९ वर्षांखालचे हवे, शिकत असेल तर २४ खालचे. कायमचे अपंग असेल तर वयाची अट नाही. ते वर्षातले निम्म्याहून जास्त दिवस त्याच घरात राहिलेले हवे. नोकरीस वैध असा सोशल सिक्युरिटी क्रमांक हवा. आणि सर्वांत मोठी अट म्हणजे विवरणपत्र भरायला हवे. “मला कर नाही, मग कागद कशाला भरू?” असे म्हणून जो घरी बसला, त्याचे ४,३२८ डॉलर बुडाले. अमेरिकेचे करखातेच सांगते की पात्र लोकांपैकी पाचातला साधारण एक जण ही जमा मागतच नाही. दुसऱ्या बाजूला, नियमांकडे बेफिकिरीने दुर्लक्ष करून चुकीची मागणी केली तर दोन वर्षे आणि लबाडी केली तर दहा वर्षे ही जमा बंद होते.

उतार की कडा?

आता या लेखाच्या गाभ्याकडे येऊ. चढाचे सगळ्यांना कौतुक असते. योजनेची खरी परीक्षा उतारावर होते.

वरच्या उदाहरणातली आई ३०,००० वरून ३१,००० वर गेली तर हजारातले १६० डॉलर कर-जमेतून गेले आणि सोशल सिक्युरिटी व मेडिकेअर यांचे ७.६५ टक्के म्हणजे सुमारे ७६ गेले. उरले ७६४. प्राप्तिकर लागत असेल तर तो आणखी. म्हणजे जास्त राबल्याचे पूर्ण फळ मिळाले नाही हे खरे, पण जास्त राबून ती तोट्यात गेली नाही. याला आपण उतार म्हणू. ओझे घेऊन माणूस उतारावरून चालत खाली येऊ शकतो.

कड्यावरून मात्र पडतो. ब्रिटनमध्ये २००३ पासून अशीच एक योजना होती. तिचे नाव वर्किंग टॅक्स क्रेडिट. ५ एप्रिल २०२५ रोजी ती संपली आणि तिची जागा युनिव्हर्सल क्रेडिट या योजनेने घेतली. जुन्या योजनेत मुलाला एकट्याने सांभाळणाऱ्या आईला किंवा बापाला आठवड्याला किमान १६ तास कामाची अट होती. १५ तास काम केले तर काही नाही, १६ केले तर हक्क सुरू. मालकाने एक तास कापला की सारी जमा हातची गेली. हा कडा. शिवाय रक्कम आधी अंदाजाने द्यायची व वर्षाअखेर खऱ्या उत्पन्नाशी ताळा घालायचा, अशी रीत असल्याने पुष्कळ कुटुंबांना मिळून खर्च झालेले पैसे परत करावे लागले. आलेली उचल पुढे अंगावर फिरणे काय असते, हे ऊसतोडीच्या टोळ्यांना विचारा.

आपल्याकडे कडे कमी नाहीत. २०२४ साली महाराष्ट्रात सुरू झालेल्या मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेत महिना १,५०० रुपये देण्याचे ठरले आणि अट घातली ती कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असण्याची. अडीच लाखांवर एक रुपया झाला की नियमाप्रमाणे वर्षाचे १८,००० रुपये तुटतात. योजना चांगली की वाईट हा प्रश्न इथे नाही. तिच्या शेवटी उतार आहे की कडा, एवढेच आपण बघतो आहोत. जिथे कडा असतो तिथे माणूस खरे उत्पन्न सांगायला बिचकतो, किंवा एक पायरी वर चढायला कचरतो. तो माणसाचा दोष नव्हे, हिशेबाचा आहे.

पैसा अखेर कुणाच्या पदरात पडतो?

एक प्रश्न आपण मजुरी देणारे म्हणून स्वतःला विचारायला हवा. सरकार मजुराला वरून पैसे देते म्हटल्यावर मालक हात आखडता घेईल का? हा प्रश्न जुना आहे. इंग्लंडमध्ये १७९५ साली बर्कशायरच्या दंडाधिकाऱ्यांनी स्पीनहॅमलँड येथे बसून ठरवले की, पावाचा भाव आणि घरातली तोंडे पाहून मजुरीला कमी पडेल तेवढी भर सार्वजनिक निधीतून घालावी. पुढे टीका झाली की, भर मिळतेच आहे म्हणून जमीनमालकांनी मजुरी वाढवली नाही. ही टीका कितपत खरी यावर इतिहासकारांत आजही वाद आहे. अमेरिकेच्या योजनेबद्दलही काही अर्थशास्त्रज्ञ म्हणतात की, जमेचा काही भाग कमी मजुरीच्या रूपाने मालकाच्या खिशात जातो.

म्हणूनच वरून भर घालायची तर खाली किमान वेतनाचा ओटा पक्का हवा. ओटा नसेल तर वरून ओतलेले पाणी मजुराच्या रोपाला न लागता मालकाच्या पाटाला मिळेल. शेतकरी म्हणून आपल्याला उसाचा किमान दर कायद्याने हवा असतो, आणि तो योग्यच आहे. तोच न्याय आपल्या सरीत राबणाऱ्याला लागू आहे, हे विसरून चालणार नाही.

आता आपल्या घरचा हिशेब

आपल्या प्राप्तिकरात २०१३-१४ पासून लहान उत्पन्नाला कलम ८७अ खाली सवलत मिळू लागली. पहिल्या वर्षी ती दोन हजारांपर्यंत होती. २०२५-२६ या आर्थिक वर्षासाठी नव्या करपद्धतीत ती ६०,००० रुपयांपर्यंत झाली, आणि एकूण उत्पन्न १२ लाखांपर्यंत असलेल्याला ती मिळते. पगारदाराची ७५,००० ची प्रमाणित वजावट धरली तर पगार १२ लाख ७५ हजारांपर्यंत कर शून्य. त्या वर्षाचे दर असे : पहिल्या ४ लाखांवर काही नाही, ४ ते ८ लाखांवर ५ टक्के, ८ ते १२ वर १०, १२ ते १६ वर १५ टक्के, त्यापुढे आणखी चढते दर.

ही जमा शून्यावर थांबणारी आहे. ज्याचे उत्पन्न चार लाखांच्या आत आहे त्याला कर नाही आणि जमाही नाही. शेतमजुराला किंवा ऊसतोड कामगाराला या कलमाने एक पैसा मिळत नाही. अमेरिकेची जमा मजुरासाठी आहे, आपली सवलत लहान करदात्यासाठी आहे. दोन्हींना एकच नाव देऊन गोंधळ करू नये.

१२ लाखांना कडा आहे का? होता असता. १२ लाखांना कर शून्य, आणि १२ लाख १० हजारांना सरळ हिशेबाने ६१,५०० रुपये. दहा हजार जास्त कमावून साडेएकसष्ट हजार भरायचे! म्हणून कायद्याने सीमांत सवलत ठेवली. १२ लाखांच्या वर जेवढे उत्पन्न, त्यापेक्षा कर जास्त घ्यायचा नाही. इथे कर १०,००० आणि त्यावर ४ टक्के उपकर धरून १०,४०० झाला. १२ लाख ७० हजारांच्या जरा पुढे गेले की या सवलतीची गरज संपते व नेहमीचा हिशेब लागतो. कड्याला पायऱ्या खोदल्या असे म्हणू, पण पायऱ्या फार उभ्या आहेत. तिथे वाढलेला प्रत्येक रुपया सगळाच्या सगळा करात जातो.

नोकरी आणि ऊस दोन्ही असलेल्यांनी हे वाचावेच

“शेतीचं उत्पन्न करमुक्त, ते दाखवून काय करायचं?” असे सर्रास म्हटले जाते. शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही हे खरे. पण एकाच व्यक्तीचे बिगरशेती उत्पन्न मूळ मर्यादेच्या, म्हणजे ४ लाखांच्या, वर असेल आणि निव्वळ शेती उत्पन्न ५,००० च्या वर असेल, तर कराचा दर ठरवताना शेतीचे उत्पन्न हिशेबात धरतात. रीत अशी :

अ. दोन्ही उत्पन्नांच्या बेरजेवर कर काढायचा.
आ. शेतीचे उत्पन्न अधिक ४ लाख, एवढ्यावर कर काढायचा.
इ. ‘अ’मधून ‘आ’ वजा करायचा. उरला तो कर. मग त्यातून सवलत.

उदाहरण घेऊ. एका सभासदाचा पगार वजावटीनंतर ९ लाख, उसाचे निव्वळ उत्पन्न ५ लाख. बेरीज १४ लाख, तिच्यावर कर ९०,०००. शेतीचे ५ लाख अधिक ४ लाख म्हणजे ९ लाख, त्यावर कर ३०,०००. फरक ६०,०००. एकूण उत्पन्न १२ लाखांच्या आत आहे, कारण तिथे शेतीचे उत्पन्न मोजत नाहीत. सवलत ६०,०००. कर शून्य.

आता ऊस चांगला पिकला आणि शेतीचे निव्वळ उत्पन्न ७ लाख झाले. बेरीज १६ लाख, कर १,२०,०००. शेतीचे ७ अधिक ४ म्हणजे ११ लाख, त्यावर ५०,०००. फरक ७०,०००. सवलत ६०,००० वर थांबते. कर उरला १०,०००, उपकर धरून १०,४००.

गोष्ट इथे संपत नाही. पीएम-किसान सन्मान निधीच्या नियमाप्रमाणे कुटुंबातल्या कुणी मागील करनिर्धारण वर्षात प्राप्तिकर भरला असेल तर ते कुटुंब अपात्र ठरते. वर्षाचे ६,००० केंद्राचे आणि त्याला जोडून राज्याने २०२३ साली सुरू केलेले नमो शेतकरी योजनेचे ६,०००, असे १२,००० गेले. म्हणजे १०,४०० च्या करामागे एकूण २२,४०० रुपयांचा फरक. उत्पन्न लपवा असे आम्ही मुळीच सांगत नाही. लपवलेले पुढे व्याज आणि दंडासह बाहेर येते. सांगायचे ते एवढेच की ही कड आधी ओळखा, उसाच्या बिलांबरोबर खते, बेणे, मजुरी, पाणीपट्टी यांच्या पावत्या जपून ठेवा, आणि निव्वळ उत्पन्नाचा आकडा पुराव्याने मांडा. खर्चाची पावती नसली की निव्वळ उत्पन्न कागदावर उगाच फुगते. विवरणपत्र भरताना त्या त्या वर्षाचे दर पाहून जाणकार कर-सल्लागाराकडून ताळा करून घ्यावा.

महाराष्ट्राने वेगळी वाट धरली होती

शेवटी एक आठवण द्यावीशी वाटते. १९७५ सालीच, जेव्हा अमेरिकेत कर-जमेचा कायदा झाला, तेव्हा महाराष्ट्राने व्यवसाय कराचा कायदा केला. पगारपत्रकात कापून जाणारी, वर्षाला जास्तीत जास्त अडीच हजारांची ही रक्कम नोकरदाराला टोचते. पण ती सुरू झाली रोजगार हमी योजनेला पैसा उभा करण्यासाठी. या योजनेने हजारो घरांच्या चुली पेटत्या ठेवल्या. वि. स. पागे यांनी तिची कल्पना मांडली, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. अमेरिकेने काम असलेल्याच्या मजुरीत भर घातली, महाराष्ट्राने काम नसलेल्याला काम दिले. दोन्ही वाटांचे मूळ एकच : जो राबायला तयार आहे तो उपाशी राहू नये. आणि दोन्हीकडे पैसा आला तो कर भरणाऱ्यांकडून.

कोणतीही योजना समोर आली की चार प्रश्न विचारायची सवय लावू या. एक, ती सुरू कुठून होते? दोन, कोणत्या दराने वाढते आणि कुठे थांबते? तीन, शून्यावर थांबणारी आहे की पलीकडे जाणारी? चार, शेवटी उतार आहे की कडा? या चार प्रश्नांची उत्तरे ज्याला काढता आली, त्याला जाहिरातीच्या मोठ्या आकड्याने कुणी भुलवू शकणार नाही.

गटसभेत सोडवण्यासाठी उदाहरणे

१. अमेरिकेत दोन मुलांची एकटी आई २०२५ मध्ये १५,००० डॉलर कमावते. दर ४० टक्के, चढ १७,८८० डॉलरपर्यंत. जमा किती?

२. तिचीच कमाई ४०,००० डॉलर झाली. जास्तीत जास्त जमा ७,१५२, उतार २३,३५० पासून २१.०६ टक्के. जमा किती?

३. शेती नसलेल्या एका पगारदाराचे २०२५-२६ चे एकूण उत्पन्न १२ लाख ३० हजार आहे. नव्या पद्धतीत उपकरासह कर किती?

उत्तरे : १) ६,००० डॉलर. २) सुमारे ३,६४६ डॉलर. ३) सरळ हिशेबाने ६४,५००, सीमांत सवलतीमुळे ३०,००० आणि उपकर १,२००, मिळून ३१,२०० रुपये.

घरात शिकणारी मुले असतील तर ही उदाहरणे त्यांच्याकडून सोडवून घ्या, आणि मग त्यांनाच आपले उसाचे बिल तपासायला बसवा.